पूजा झालेली गाडी

आमच्या गाडीचा रंग माझ्या बायकोनं बिघडवला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नात्यागोत्यात अजून कोणी कोणी तसंच म्हणतात, आणि त्यांना तसं म्हणायला लावलं मी.

मी धानाचा शेतकरी. गाव आमगावच्या बाजूला. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ट्रॅक्टरवर जन्म गेला, म्हणून म्हातारपणी कार चालवायला वेगळं शिकावं लागलं नाही. पोरगा एकच, नागपूरला नोकरीवर. त्याच्या आईचे गुडघे गेले होते. तिनं आता एसटीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं त्यानं ठरवलं आणि गोंदियाच्या एका शोरूममध्ये फोनवरूनच गाडी पक्की केली. लाल रंग तिनं सांगितला. दसऱ्याला त्याला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा गाडी आणायला आम्ही दोघं म्हातारे गेलो.

निघताना त्याचा फोन आला. बाबा, सावलीत पाहू नका, गाडी उन्हात काढायला लावा, सगळीकडून हात फिरवा आणि मगच सही करा. मी म्हटलं, बैल घेताना दात मी पाहतो, अन् तू मले शिकवून राहिला का? तो हसला. त्याचा माझ्यावर भरवसा होता.

दसऱ्याला शोरूम म्हणजे लग्नघर. बाहेर मांडव टाकलेला, त्याखाली गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूचा हार. विकणारा पोऱ्या गळ्यात पट्टा अडकवून इकडून तिकडे पळत होता. मुहूर्त निकल रहा है, काकाजी, एवढंच त्याच्या तोंडात. पुजारी एकच, आणि गाड्या पुष्कळ. आमच्या गाडीपाशी तो आला तेव्हा ही बोनेटवर कुंकवानं सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढत होती. तिचा सातिया पुरा व्हायच्या आत त्यानं समोर नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

हिचं बोट मात्र बोनेटवरच थांबलं.

"अजी, इथं हात लावून पाहा. रवा सांडल्यावानी लागते."

मी हात लावला. खरंच तसं लागलं. बारीक बारीक कण, आणि ते वर नाही, रंगाच्या आत. पोऱ्या म्हणाला, काकीजी, धूल है, धोने से निकल जाएगी. तिनं पदरानं पुसलं. निघालं नाही. मग ती वाकली आणि बोनेटच्या कडेला, जिथं ते खाली बसतं, तिथून नखानं एक कागदी पट्टी ओढून काढली. चिकट पट्टी, अर्ध्या अंगावर लाल रंग सुकलेला. तिनं ती माझ्यापुढे धरली.

पट्टी कशाची ते मला तिथंच कळलं. ट्रॅक्टरच्या मडगार्डला रंग दिला तेव्हा अशा पट्ट्या मी माझ्या हातानं लावल्या आहेत, रंग भलत्या जागी जाऊ नये म्हणून. म्हणजे गाडी कुठंतरी ठोकली असेल, नाहीतर आणता आणता खरचटली असेल, आणि शोरूमवाल्यांनी दसऱ्याच्या घाईत बोनेट पुन्हा रंगवून हार घालून उभी केली.

"नव्या गाडीले रंग कायले द्या लागला?" तिनं हळूच विचारलं.

"गप राय वं. नारळ फुटला आता."

"नारळ दुसरा आणता येते."

मी ती पट्टी तिच्या हातातून घेतली आणि चुरगाळून टाकून दिली.

आमच्याकडे पूजा झालेली गाडी परत करत नाहीत. नवरी वेशीवरून माघारी पाठवण्यासारखं समजतात ते. गावात मारुतीच्या देवळापाशी बाया आरतीचं ताट घेऊन थांबलेल्या होत्या, हे पण होतं. पण ही सगळी सांगायची कारणं झाली. खरं कारण असं की त्या लोकांनी मला खुर्ची दिली होती, थंडा पाजला होता, खांद्यावर शाल टाकली होती. पुठ्ठ्याची ही मोठी चाबी हातात देऊन आमचा फोटो काढायची तयारी चालली होती. जन्मात कोणी मला असं बसवलं नाही. तिथं उभं राहून भांडण काढायचं माझ्या जिवावर आलं. मी सही केली आणि फोटोत हसलो. ही फोटोत बोनेटकडे पाहून राहिली आहे.

लिंबं चिरडून आम्ही निघालो. गोंदियाच्या बाहेर आल्यावर गाडीवर ऊन पडलं. बोनेट एका लाल रंगाचं आणि बाजूचे पत्रे दुसऱ्याच लाल रंगाचे. मी पाहिलं, तिनंही पाहिलं. रात्री पोरानं फोनवर विचारलं, कशी आहे गाडी? एक नंबर, मी म्हटलं.

गाडी ती धुवायची. रोज नाही, पण धूळ बसली की. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ओला करून, पोळ्याच्या बैलाला धुवावं तशी. राख नाही, काथ्या नाही, काही नाही. मी पाहत होतो म्हणून सांगतो.

दिवाळीला पोरगा आला. अंगणात आला तो गाडीपाशीच थांबला. बोनेटवर उन्हात शोरूमवाल्यांच्या पॉलिशच्या गोल गोल रेघा दिसत होत्या, रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होता. त्यानं हात फिरवला आणि विचारलं, बाबा, हे काय झालं? कोणी घासलं हे?

तेव्हा सांगता आलं असतं. जीभ उचलायची होती फक्त. पण सांगितलं तर तो म्हणणार, मी फोनवर काय सांगितलं होतं? बैलाचे दात आठवले मला. ही ओसरीत सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुझी माय धुते ना," मी म्हटलं.

सूप थांबलं. मला वाटलं आता ही बोलते. बोलली असती तर मी तिच्यावर ओरडलोही असतो, इतका मी त्या वेळी खाली गेलो होतो. पोरानं तिला विचारलं, आई, भांडं आहे का ते? राखेनं घासलंस का? ती म्हणाली, नाही रे. मग म्हणाली, लागला असन हात एखाद्या वेळी.

आणि पुन्हा पाखडायला लागली.

त्या दिवसापासून ती घरात हसण्याची गोष्ट झाली. पोरगा वाईट नाही, मायेनंच बोलायचा, पण प्रत्येक फोनला त्याचं ठरलेलं, आई, गाडी घासू नको बरं. सूनही हसायची. सुनेच्या नात्यातला एकजण आला, त्यालाही ती गोष्ट सांगून झाली. ही पण हसायची. घरात आम्ही दोघंच असलो तरी तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फक्त तिनं गाडीला हात लावणं सोडलं. मला हे लवकर कळलं नाही. दार मीच उघडून द्यायचो, मला वाटायचं गुडघ्यामुळे. मग एकदा पाहिलं की ती बसताना पदर गोळा करून बसते, उतरताना दाराला धरत नाही, माझ्या खांद्याला धरते. मी म्हटलं, काऊन वं, दार गरम आहे का? ती म्हणाली, तुमची गाडी आहे, खराब होईल.

तिथं टोमणा होता की नव्हता, मी अजून ठरवू शकलो नाही.

चैतात तिला दम लागायला लागला. आधी चालताना, मग बसल्या जागी. गोंदियाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मागच्या सीटवर तिला बसवलं, उशी दिली. आमगावच्या पुढे रस्ता फुटलेला, गाडी उसळायची. खिडकीच्या वर धरायला मूठ असते, मी म्हणत होतो धर, धर. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि हेलकावे खात होती. आरशातून मला दिसत होतं. बोलायला रस्ता भरपूर होता. मी मनात वाक्य जुळवत होतो आणि खड्डे चुकवत होतो. तीच बोलली. म्हणाली, अंगणात मोहफुलं वाळत घातली आहेत, ढोरं तोंड लावतील, शेजारणीला फोन करा.

मी शेजारणीला फोन केला. दुसरं काही बोललो नाही. दवाखान्यातून ती परत आली नाही.

तेरवी झाल्यावर पोरगा काही दिवस राहिला. करायला काही नसलं की माणूस वस्तूंच्या मागे लागतो. एक दिवस तो गाडीपाशी गेला. उन्हाळ्यात बोनेटवरचा चकाकीचा थर पापडासारखा सुटायला लागला होता. त्यानं नखानं एक पापुद्रा काढला आणि म्हणाला, बाबा, हे घासल्यानं होत नाही, चला शोरूमला. मी म्हटलं, राहू दे, आता कायले? पण तो ऐकणाऱ्यातला नाही.

शोरूमचा मॅनेजर नवीन होता. त्यानं बोनेटभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, किसीने सख्त चीज से घिसा है, ये वॉरंटी में नहीं आता. पोरगा तावातावानं आला होता, पण हे ऐकून त्याचा आवाज एकदम खाली आला. त्याला आईचा चेहरा आठवला असेल.

"आई धुवायची," तो म्हणाला. "जाऊ द्या. तिला कळत नव्हतं."

त्या माणसानं मान हलवली. गावच्या म्हातारीला काय कळणार, तशी.

मी बाकावर बसलो होतो. उठलो.

"तिलेच कळत होतं," मी म्हटलं. "तिनं इथंच मांडवात सांगितलं मले, दसऱ्याच्या दिवशी. आत कण आहेत म्हणून. चिकटपट्टी काढून दाखवली. मी तिले गप केलं. तिनं राख नाही लावली, काथ्या नाही लावला. मीच तिचं नाव घेतलं."

मॅनेजरचा चेहरा उजळला. म्हणजे गाडी घेतानाच तुम्ही पाहिलं होतं? पाहून सही केली? मग तर आमच्याकडे काहीच येत नाही, काकाजी. तो हे सगळं हिंदीत आणि फार अदबीनं बोलला. त्यांनी रंग दिला होता की नव्हता, त्यावर त्यानं तोंड उघडलं नाही. पोरानंही विचारलं नाही. तो माझ्याकडे पाहून राहिला होता.

परत येताना गाडी त्यानं चालवली. आमगाव आलं. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं, तिथं गाडी बंद केली.

"बाबा, मी तिला फोनवर किती बोललो."

"हो."

"तुम्ही बाजूला बसून ऐकत होते."

"हो."

"मला सांगून आता काय? तिला सांगायला पाहिजे होतं."

मालगाडी जात राहिली. डबे संपता संपेनात. फाटक उघडलं, मागच्यानं हॉर्न दिला, तेव्हा त्यानं गाडी सुरू केली.

घरी आल्यावर त्यानं जेवण वाढून घेतलं नाही. मी ओसरीत बसलो. तो अंगणात उभा राहून सुनेशी फोनवर बोलत होता. मी ऐकतो आहे हे त्याला माहीत होतं, तरी आवाज बारीक केला नाही.

"आईनं नाही केलं ते," तो म्हणाला. मग बराच वेळ तिकडचं ऐकत राहिला. "नाही, नाही. बाबांनी."

पुढे तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तो फोन कानाला धरून रडत होता. आई गेल्यापासून तो रडला नव्हता, पाहुणे सांभाळत राहिला होता. मला उठून त्याच्यापाशी जावंसं वाटलं, पण त्या वेळी माझा हात त्याला चालला नसता. मी तिथंच बसून राहिलो.