खतातला पितळी मोर

ती घटना आठवली की इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापतं. आणि खरं सांगायचं तर राग गुन्हेगाराचा कमी, माझाच जास्त येतो.

पन्नासच्या दशकात मी चाकणच्या बाजूला नवा फौजदार होतो. गावाबाहेर एका हौशी इनामदाराचा बंगला होता. जिना चढत थेट छताला जाऊन थांबायचा, भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवलेल्या, आणि कारंज्यावर पितळी मोर. पाणी सोडलं की तो शीळ घालायचा. मालक वारल्यावर तिथं सार्वजनिक बाग झाली. रविवारी लोक बैलगाड्या जुंपून तो जिना बघायला यायचे. निघोज्याचा एक म्हातारा माळी मालकाच्या वेळेपासून बागेतल्याच खोलीत राहायचा आणि रोज चिंच लावून मोर घासायचा.

एक दिवस मोर नाहीसा झाला. तीन आठवडे पत्ता लागला नाही. मग बागेचा मुकादम ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, माळ्याच्या खोलीमागचा खताचा खड्डा उकरा. चोरी झाली त्याच दिवशी त्यानं तिथं काहीतरी पुरलंय."

रविवारी भर गर्दीत आम्ही खड्डा उकरला. गोणपाटात गुंडाळलेला मोर निघाला. पंचनामा झाला. माळी पुढं आला, मोराची वाकलेली मान चाचपली आणि म्हणाला, "साहेब, ह्ये गोणपाट तरी बगा. खतात आठ दिसात जाळी पडती त्याची."

"तोंड बंद ठेव," मी खेकसलो. त्याला बेड्या घातल्या आणि सगळ्या बागेतून फाटकापर्यंत चालवत नेलं. लोक जिना सोडून त्याच्याकडं बघत होते.

कोठडीत त्याला उलटसुलट विचारलं. त्याचं एकच म्हणणं, "म्या न्हाई." दोन दिवसांनी कागद तयार करताना माझाच पंचनामा वाचला. 'गोणपाट कोरडे व शाबूत.' माझ्याच अक्षरात. माळ्याला जे दिसलं ते मी लिहिलं होतं, आणि तरी मला दिसलं नव्हतं.

पंचांसमक्ष त्याच गोणपाटाचा तुकडा त्याच खड्ड्यात पुरला. वरिष्ठ म्हणाले, आधी पुरावा, मग सुटका. म्हणून ते आठ दिवस म्हातारा कोठडीतच. नवव्या दिवशी तुकडा काढला, तर हातात चाळण आली. मुकादमाला बोलावून मूळ गोणपाट आणि ही चाळण, दोन्ही समोर ठेवली. "तीन आठवडे पुरलेलं गोणपाट शाबूत कसं, राव?" तासाभरात तो फुटला. खबर देण्याच्या जरा आधी त्यानंच मोर खड्ड्यात पुरला होता; तोवर तो त्याच्या घरात होता. त्याच्या मेहुण्याला माळ्याची खोली हवी होती, बस्स, एवढंच.

बागेच्या कमिटीनं मुकादमाला काढलं आणि माळ्यालाही परत घेतलं नाही. लोकांनी त्याला बेड्यांत पाहिलंय, म्हणे, बागेची शोभा जाते. मी भांडलो, अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. निघोज्याला जाऊन त्याला हे सांगितलं, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मोराची मान सरळ केली का कुणी?"

पुढं सबंध नोकरीत आधी माणसाचं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय मी कुणाला बेडी घातली नाही. पण त्याचा त्या म्हाताऱ्याला काय उपयोग? बेड्या घातल्या तेव्हा अख्खी बाग बघत होती. काढल्या तेव्हा ठाण्यात मी आणि हवालदार, दोघंच होतो.