न खोललेलं इंजन

सेलूत रूपरावांशी गोड बोलायला कोणी जात नसे, आणि त्याचं रूपरावांना सुतराम दुःख नव्हतं. माणूस कष्टाचा, व्यसन नाही, पण तोंड असं फटकळ की राम राम घालणाऱ्यालाही वाटावं, आपलंच काही चुकलं. मेकॅनिक सगळे चोर, ड्रायव्हर सगळे आळशी, नातेवाईक सगळे फुकटे, हा त्यांचा पक्का हिशेब. या सगळ्या नालायक जगात एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडायची, ती म्हणजे त्यांचा ट्रक. त्यातही इंजन.

"अजून खोललं नाई," ते सांगायचे. कोणी विचारो न विचारो. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, मयतीतसुद्धा. ट्रकवाल्यांत ही शान मोठी असते. ज्याचं इंजन एकदाही दुरुस्तीला उघडलं नाही, तो मालक चार लोकांत ताठ चालतो. समुद्रपूरला कापसाच्या गाठींच्या भाड्याचे पैसे आणायला गेले की गोदामाचा म्हातारा चौकीदार लक्ष्मणराव मुद्दाम डिवचायचा, "काय रूपराव, इंजन काय म्हणते?" आणि रूपराव छाती फुगवायचे. लोक मागून हसत. हसू देत.

घरात मात्र त्या इंजनाचं नाव काढलं की बायकोच्या, नलूबाईंच्या, कपाळाला आठ्या पडत. कारण ट्रक चालवायचा त्यांचा एकुलता एक मुलगा आदेश, आणि मागच्या मे महिन्यात तो स्टेअरिंगवरच बेशुद्ध पडला होता.

समुद्रपूरच्या वाटेवरचा लांब चढ चढून गाडी कशीबशी कडेला लावली आणि तिथेच कोसळला. मागून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने त्याला खाली ओढून पाणी मारलं, म्हणून वाचला. उन्हाचा तडाखा, डॉक्टर म्हणाले. पण आदेश शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होता, ऊन बाहेर होतं, भट्टी केबिनमध्ये होती. एसी लावा नाहीतर बंद करा, पायावर सतत गरम झोत. रूपरावांनी त्याला उडवून लावलं.

"आमच्या टायमाले कोठी होता एसी? घमेलंभर घाम निघे. तू लोण्याचा हायेस का?"

त्यानंतर बापलेकांत बोलणं राहिलं नाही. जे होतं ते भांडण. आता या उन्हाळ्यात पायाखालची चटई गंजक्या पाण्याने भिजायला लागली, काचेवर वाफ धरायला लागली, तेव्हा आदेशने बॅगच भरली. पुण्याला एका कंपनीच्या गोदामात त्याच्या मित्राने काम बघून ठेवलं होतं.

"केबिन थंडी होत असन तर राह्यतो," तो आईला म्हणाला, बाप समोर बसलेला असताना. "नाई तर जातो. त्याईले सांगून दे."

"मले ऐकू येते," रूपराव म्हणाले.

"ऐकू येते, समजत नाई," नलूबाई म्हणाल्या.

रूपराव उठून बाहेर गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये मागे घेतला, हत्यारांची पेटी उघडली आणि डॅशबोर्डाचे स्क्रू काढायला बसले. पोराने जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. हे तोंडाने म्हणायला दोन शब्द लागले असते. पण त्यांच्या तोंडाला ती सवयच नव्हती, म्हणून त्यांनी अख्खा ट्रक खोलायला काढला.

एसीतला गॅस काढायला आणि नंतर भरायला वर्ध्याहून अनुप आला होता. बोरगाव मेघेत त्याचं लहानसं दुकान. कूलिंग कॉइल आणि हीटर कॉइल दोन्ही एकाच डब्यात बसतात, आणि तो डबा डॅशबोर्डाच्या पार पोटात. म्हणजे स्टेअरिंग खाली, मीटर बाहेर, वायरींची गुंतवळ बाजूला, तेव्हा कुठे तो दिसणार. कूलिंग कॉइल बाहेर आली ती गादी फुटल्यासारखी. सगळ्या जाळीवर कापसाची रुई चिकटलेली, वर्षानुवर्षांची, दाबून बसलेली. हवा जाणार कुठून?

"काकाजी, हे कॉइल हाये का उशी?" अनुप म्हणाला.

"तुले गॅस भराले बोलावलं. तेवढं भर."

हीटर कॉइलची तर चाळण झाली होती. घरच्या बोअरचं पाणी खारं. रेडिएटरमध्ये कुलंट घालायचं सोडून रूपराव तेच पाणी ओतत आले होते, कारण कुलंट म्हणजे रंगवलेलं पाणी आणि विकणारे सगळे चोर. त्या क्षाराने कॉइल खाल्ली होती आणि रेडिएटर निम्मा चोंदला होता.

"हे बदलू नका," अनुप म्हणाला. "नळी नळीले जोडून देतो, बायपास. आपल्या वर्ध्यात हीटर कोणाले लागते, काकाजी? आन् त्यापरीस रेडिएटर बदला."

"रेडिएटर कंपनीचा हाये. त्याले हात लावाचा नाई. हीटर नवाच बसन."

"पण कायले?"

"हिवाळ्यात काच धुकते."

आदेश बाजूला उभा राहून ऐकत होता. तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "अनुपभाऊ, कायले डोकं लावता? गाडी थंडी करून राह्यले अन् पैले हीटर बसवून राह्यले. आमचे बाबा असेच हायेत."

बाबा तसे का होते, हे एकट्या बाबांनाच माहीत होतं. चोंदलेल्या रेडिएटरने इंजन तापायला लागलं, त्याला तीन उन्हाळे झाले होते. चढावर काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा. अशा वेळी जुन्या ड्रायव्हरांची एक युक्ती असते. हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजनाची उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. इंजन वाचतं, चालवणारा भाजतो. चढ संपला की बंद करायचा. पण आदेशच्या हातून एखाद्या वेळी राहून गेलं तर? इंजन खोलावं लागलं तर? म्हणून रूपरावांनी एका दुपारी पोरगा जेवायला गेलेला पाहून डॅशबोर्डाखाली हात घातला आणि हीटरच्या गरम पाण्याचा कॉक बांधायच्या तारेने कायमचा उघडा बांधून टाकला. बाहेरचं बटण कुठेही फिरवा, गरम पाणी वाहतच राहणार. ते कोणाला बोलले नाहीत. पोरगा बेशुद्ध पडला तेव्हाही नाही.

आता ती तार त्यांच्या नाकासमोर होती.

"आदेश, चौकातून होजची क्लिप आण," ते म्हणाले.

"चार क्लिपा पेटीत हायेत."

"त्या खराब हायेत. जा म्हनलं ना."

आदेश पाय आपटत गेला. अनुप बाहेर मशीनपाशी. केबिनमध्ये मोबाईलचा उजेड धरून नलूबाई तेवढ्या होत्या. रूपरावांनी पक्कड घातली आणि तार तोडली.

"ते तार कायची?" नलूबाईंनी विचारलं.

"वायरिंग बांधली होती."

"वायरिंग तर इकडे हाये."

"उजेड नीट धर."

त्यांनी उजेड धरला, पण तारेवर नाही, नवऱ्याच्या तोंडावर. रूपरावांनी तोंड फिरवलं आणि तार खिशात घातली. आता पुन्हा नाही, असं त्या क्षणी त्यांनी खरोखर ठरवलं. खोटं कशाला बोला, माणूस दुष्ट नव्हता. त्याची माया चुकीच्या ठिकाणी जाऊन बसली होती, एवढंच.

नव्या कॉइली बसल्या, डॅशबोर्ड जागेवर आला, अनुपने गॅस भरला आणि केबिनमध्ये असा गारवा सुटला की आदेश बराच वेळ एसीच्या जाळीपुढे हात धरून बसला. संध्याकाळी बॅग दारातून आत गेली. नलूबाईंनी पाहिलं, रूपरावांनीही पाहिलं, आणि जेवताना रूपराव एकदाही कोणावर खेकसले नाहीत. त्या घरात याला सण म्हणतात.

पहिल्या खेपेला ते स्वतः बरोबर निघाले. मागे गाठी, बाहेर धगधगतं ऊन, आत थंडी. वर्धा मागे पडलं तसा आदेश हळूहळू सैलावला.

"मस्त थंडं झालं," तो म्हणाला. बापाशी न भांडता बोललेलं वर्षभरातलं हे पहिलं वाक्य.

"हं," रूपराव म्हणाले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण त्यांचा 'हं'सुद्धा त्या दिवशी मऊ होता.

मग तो चढ आला.

गाडी दुसऱ्या गिअरवर आली, घुरघुरायला लागली. रूपरावांची नजर आपोआप मीटरवर गेली. काटा मध्यावरून हलला. वर गेला. आणखी वर. लाल पट्टी बोटभर राहिली, आणि रूपरावांचा हात, कोणाला न विचारता, त्यांना स्वतःलाही न विचारता, पुढे गेला आणि त्याने हीटरचं बटण पूर्ण फिरवलं.

गरम झोत आदेशच्या नडग्यांवर आदळला.

त्याने चढ संपवला, गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला. मग वाकून त्याने पायाजवळच्या झोताखाली हात धरला, अंधारात ओळखीची वस्तू चाचपावी तसा.

"ही हवा मले माहीत हाये," तो म्हणाला. "हेच होती."

"काटा वर जाऊन राह्यला होता," रूपराव म्हणाले.

"तीन वर्सं बटण बंद असून येत होती. तुमी काय केलं होतं?"

रूपरावांचा हात खिशाकडे गेला. तार अजून त्याच सदऱ्याच्या खिशात होती, पण ती काढून दाखवायची काही गरज उरली नव्हती.

"मी इथीसाच पडलो होतो," आदेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तवा काटा कोठी होता, बाबा?"

रूपरावांना खोटं बोलता आलं असतं. मला काय माहीत, म्हणता आलं असतं. पण त्यांना माहीत होतं. त्या दिवशी निरोप मिळाल्यावर दुसऱ्याच्या मोटारसायकलवर ते इथे आले होते, आणि पोराला नेलेल्या दवाखान्याकडे वळण्याआधी केबिनमध्ये चढून, किल्ली फिरवून, त्यांनी पहिल्यांदा काटाच पाहिला होता.

"मधात होता," ते म्हणाले.

आदेशने मान हलवली. किल्ली तशीच ठेवून तो उतरला, रस्ता ओलांडला आणि वर्ध्याकडे जाणाऱ्या एसटीला हात केला. बस थांबली. त्याने मागे पाहिलं नाही.

रूपराव सरकून स्टेअरिंगवर बसले. हीटर बंद करून पाहिला. पुढचा चढ लागला तसा काटा वर निघाला. त्यांनी हीटर परत उघडला आणि तसेच पुढे गेले. नडग्यांची आग झाली, घाम डोळ्यांत उतरला, डोकं गरगरलं. या जागी बसून त्यांनी तीन वर्षांत एकही खेप केली नव्हती. वाटेत नलूबाईंचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. बहुतेक पोराने घरी सांगितलं होतं. त्यांनी तो उचलला नाही.

गोदामाच्या फाटकाशी लक्ष्मणराव उभाच होता. ओल्याचिंब रूपरावांना त्याने खालून वर पाहिलं आणि नेहमीसारखं डिवचलं, "काय रूपराव, आज सोताच? इंजन काय म्हणते?"

"एकदम कडक," रूपरावांचं तोंड म्हणालं. "अजून खोललं नाई."

मग ते फाटकाच्या सावलीत जमिनीवरच बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि लक्ष्मणरावाला म्हणाले, थोडं पाणी असलं तर दे.