गांगाचे दोन अर्थ

बेंबळीतले माझे हे शेजारी रोज सकाळी दारात येतात, एका पायातली चप्पल काढतात आणि "एकच शब्द सांगा" म्हणतात. आत येत नाहीत आणि अर्धा तास हलतही नाहीत. त्यांचा मुलगा चिलीतल्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर आहे. त्याने तिथल्याच एका खाणकामगाराच्या मुलीशी लग्न केले आहे.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर व्याह्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि हसत 'गांगा' म्हणाले. मी स्पॅनिश शब्दकोशातला पहिला अर्थ वाचून दाखवला: खाणीत धातूबरोबर निघणारा टाकाऊ दगड.

"म्हंजी माझं पोरगं मुरूम?"

त्यांनी व्याह्यांशी बोलणे बंद केले. "मुलालाच विचारा," मी रोज सांगायचो.

"त्यो सासऱ्याचीच बाजू घेणार."

आठव्या दिवशी वैतागून मी पुढचा अर्थ वाचला. रोजच्या बोलण्यात गांगा म्हणजे कमी किमतीत हाती लागलेली उत्तम वस्तू. व्याह्यांनी कौतुक केले होते.

"कमी किमतीत?" त्यांचा आवाज चढला. "ह्यापरीस दगड बरा होता की ओ!"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात चिलीहून फोन आला. या वेळी त्यांनी तो घेतला आणि पडद्यावरच्या सुनेकडे बोट करून ओरडले, "व्याही, ही बी गांगाच हाय!"

व्याह्यांना तेवढा एकच शब्द कळला असावा. ते खदखदून हसले. यांनीही हसून हात जोडले.

फोन ठेवल्यावर मला हळूच विचारले, "त्यांनी कंचा अर्थ धरला असंल?"