पुण्याचा अनुभव

नवी पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानाने अख्ख्या सोलापूरला पोहायला शिकवलंय. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात येणाऱ्या दर दुसऱ्या बायोडाट्यात छंद म्हणून वाचन आणि पोहणे असतं, कारण दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तेच टाइप करून ठेवलंय, फक्त नाव बदलायचं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ही मंडळी पोहतात कुठं, हे मी कधी विचारत बसले नाही. छंदाबद्दल खोटं बोलणाऱ्याला माझ्याकडे माफी आहे. अनुभवाबद्दल बोलणाऱ्याला नाही, कारण माणसं निवडायचं काम माझं, आणि निवडलेलं माणूस बिनकामाचं निघालं की शेठची बोलणी खायचं कामही माझंच.

त्यासाठी माझी एक साधी युक्ती आहे. कागद बाजूला ठेवायचा आणि 'चला, कारखाना दाखवते' म्हणून उमेदवाराला थेट यंत्रमागांच्या शेडमध्ये न्यायचं. तिथं असा खडखडाट असतो की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. जुनी माणसं आवाज वापरतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, आणि या टोकाची चेष्टा त्या टोकाला बिनबोभाट पोचते. मीही ओठांनीच विचारते, 'जेवलात का?' शेडमध्ये वर्षं काढलेला माणूस लगेच मान हलवतो. कागदावर वर्षं काढलेला कान पुढं करतो. 'पाच वर्षं शेड सुपरवायझर' असं लिहिलेला एक गडी तर दोन्ही कानांत बोटं घालूनच उभा राहिला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मागच्या वर्षी कुंभारीहून एक मुलगी आली. बी.कॉम. झालेली, इस्त्रीचा ड्रेस, बोलणं तोलूनमापून. जागा ऑफिसातली होती, गिऱ्हाइकाची ऑर्डर आणि शेडमधलं काम यांचा मेळ घालायची. अनुभव लिहिला होता, पुण्यातल्या कंपनीत दोन वर्षं ऑफिस असिस्टंट. पुण्यात कुठं, विचारलं तर म्हणाली हडपसरला. हडपसरला कुठं, तर म्हणाली मेन रोडला. पाणी मुरतंय हे मला कळलं. पण पुण्याच्या ऑफिसचं खोटं मागांच्या शेडमध्ये कसं पकडणार? सवयीने नेलं, एवढंच.

शेडच्या पार त्या टोकाला आमचे माग दुरुस्त करणारे जुने जॉबर उभे होते. त्यांनी तिच्या इस्त्रीकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघत ओठ हलवले, 'ही बी पळंल की चार दिसांत.'

मला हसू येणार, तेवढ्यात शेजारी तिचे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही.

'न्हाय पळणार.'

जॉबरांनी कपाळाला हात लावला. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने खाली जमिनीकडे. माझ्या युक्तीत पहिल्यांदाच उलटा चोर सापडला होता. हिने नसलेला अनुभव मिरवला होताच, पण असलेला लपवलाही होता.

ऑफिसात येऊन बसलो आणि पुणं गळून पडलं. दोन वर्षं ती सोलापुरातल्याच एका शेडमध्ये कांड्या भरत होती, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळत होती, आणि त्याच मजुरीवर तिने बी.कॉम. पुरं केलं होतं. मी भडकलेच. एवढं चांगलं सोडून हे खोटंनाटं कशाला लिहिलंस, म्हटलं.

"मॅडम, आदी खरंच लिवलं हुतं की," ती म्हणाली. "दोन-तीन ठिकाणी दिलं. सगळीकडनं फोन आला, कांड्या भराय येता का म्हणून."

मला वाईट वाटलं. तिच्याकडून पुणं खोडून घेतलं, खरं ते लिहून घेतलं आणि कागद घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले. शेड कळणारी आणि कागदही कळणारी अशी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, असं तोंड भरून सांगितलं. शेठ माणूस वाईट नाहीत. त्यांनी कागद नीट वाचला आणि खूश होऊन म्हणाले, "बरं झालं. कांड्यांवर माणूस लागतंयच की आपल्याला."

माझं डोकंच फिरलं. ती ऑफिसात बसणार नसेल तर उद्यापासून मी कांड्यांवर बसते, म्हटलं. माझ्या हातच्या कांड्यांवर टॉवेल कसले निघतील याचा त्यांना अंदाज असावा, कारण ते लगेच हो म्हणाले.

बाहेर येऊन तिला सांगितलं, सोमवारपासून ये.

"कांड्यांवर?"

ऑफिसात, म्हटलं. ती उठली नाही. मांडीवरची पर्स घट्ट धरून म्हणाली, "मला लिवून द्या, मॅडम."

इतकी वर्षं लोकांच्या कागदांवर मी संशय घेत आले, माझ्या शब्दावर कुणी घेतला नव्हता. गपगुमान लेटरहेड काढलं, जागा लिहिली, पगार लिहिला, सही केली, शिक्का मारला. तिने ते सावकाश वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग मान वर करून विचारलं, शेठची सही कुठाय.