आधी शेजार

वडील गेल्यावर आईला धारवाडच्या घरात एकटीला राहवेना. म्हणून मी तिच्यासाठी हुबळीत, माझ्या जवळपास, भाड्याचं घर शोधत होतो. घरं दाखवणारा एजंट कमरीपेठेतला होता. पन्नाशीचा, रिकाम्या घरात शिरतानाही दाराबाहेर चपला काढणारा.

जुन्या हुबळीतल्या एका घरापाशी त्यानं कुलूप उघडलंच नाही. आधी शेजारचं दार वाजवलं आणि शेजारीण बाहेर आल्यावर आईला म्हणाला, "अक्का, मी चांगलंच सांगणार, माझं पोट आहे त्याच्यावर. पाण्याचं, मालकाचं, सगळं ह्यांना विचारा." मग दोघींना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून तो गल्लीच्या टोकाला जाऊन, पाठ करून उभा राहिला.

पाणी रोज येत नाही, मालक जरा तापट आहे, हे शेजारणीनं सांगून टाकलं. मग हळूहळू आई तिला वडिलांबद्दल सांगू लागली. इतक्या महिन्यांत ती माझ्याशीही तसं बोलली नव्हती. एजंट उन्हात तसाच उभा होता. त्यानं एकदाही हाक मारली नाही.

आईनंच बोलावल्यावर तो किल्ली घेऊन आला. "घर बघायचं का, अक्का?"

आई डोळे पुसत म्हणाली, "बघू की. पण घेतलं म्हणून समजा."