अठ्ठेचाळीस तासांची भट्टी

चिपच्या कारखान्यात तपासणीला तेवीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे भट्टीवाल्या ताई म्हणत. चिपा भट्टीत घालायच्या, त्यांच्यात वीज सोडून अठ्ठेचाळीस तास तापवायच्या आणि ज्या टिकतील त्यांच्याच ट्रेवर आपला शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. हजारात तीन-चार मरायच्या. "इथे मेलेल्या बऱ्या," ताई म्हणायच्या, "बाहेर मेल्या तर कुणाला तरी घेऊन मरतात."

एका शुक्रवारी साहेबांनी नवा कागद पुढे सरकवला. अठ्ठेचाळीसचे आठ तास. सोमवारपासून तसाच शिक्का मारायचा, नाहीतर घरी बसायचं. समोरच्या कंपनीने भाव पाडले होते, म्हणून यांनाही पाडायचे होते, आणि काटछाट करायला साहेबांना नेमकी भट्टीच सापडली. दारात उभी असलेली त्यांची लांबलचक गाडी काही सापडली नाही.

रविवारी सकाळी ताई धाकट्या भावाकडे सल्ला मागायला गेल्या. पण त्याच्या हॉलमध्ये गुंतवणूक मंडळ भरलेलं. दहा माणसं, आठ खुर्च्या आणि चहाचे डाग पडलेले आलेखांचे कागद. मंडळाकडे ताईंच्याच कंपनीचे शेअर होते. भाव पाडापाडीत आणखी घ्यावेत की विकून मोकळं व्हावं, यावर खडाजंगी चालली होती.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," दातांचे डॉक्टर म्हणाले. "दोन्हीकडचे घेऊ."

"छे हो! यातला एक मरणार," निवृत्त मुख्याध्यापक बिस्किट चहात बुडवत म्हणाले. "मरू दे. उरलेला मग दामदुप्पट भाव लावेल. मरणारा कोण, तेवढं आधी कळायला हवं."

दोन्ही कारखान्यांत मिळून सात-आठ हजार माणसं डबा घेऊन जात होती, पण ती या गृहस्थांच्या गावीही नव्हती. बिस्किटाचा लगदा तुटून कपात पडला, तो त्यांनी बोटाने काढून चाटला.

"अरे, आमची ताई आतलीच आहे की!" भाऊ ओरडला. "ताई, खरं सांग, तोटा खाऊन विकतायत का गं?"

ताईंना वाटलं, बोलावं. शिकलीसवरलेली माणसं आहेत, पोराबाळांची आहेत. त्यांनी सगळं सांगितलं. "आठ तासांत कच्ची चिप कळतच नाही. ती जाते गाडीच्या ब्रेकमध्ये, दवाखान्यातल्या यंत्रात. तुमचा तो भाव तिथून पाडलाय."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. वाटलं यांना काहीतरी, असं ताईंच्या मनात आलं.

"म्हणजे तोटा नाहीच!" मुख्याध्यापक म्हणाले. "खर्च उतरवलाय. हुशार लोक आहेत."

"आणि ब्रेक गेला तरी शिव्या गाडीवाल्याला," डॉक्टर हसले. "चिपवाल्याला कोण विचारतंय? घ्यायला हरकत नसणाऱ्यांनी हात वर करा."

सगळ्यात आधी भावाचा हात वर गेला. त्याच हाताला धरून ताईंनी त्याला चार वर्षं रस्ता ओलांडून शाळेत पोहोचवलं होतं, गाड्या येतात म्हणून. निर्लज्जपणाला काही सुमार? माणसं वाईट असती तर एक वेळ चाललं असतं. ही तर चांगली माणसं होती, जाताना कप उचलून स्वयंपाकघरात ठेवणारी.

"ताई, तू कशाला आली होतीस गं?" भावाने दारात विचारलं.

"सहज," ताई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी शिक्का साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि त्या घरी आल्या. तासाभरात तो शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या हातात गेला. तिला दोन लहान मुलं होती, तिला कोण काय म्हणणार?

पंधरा दिवसांनी भावाचा फोन आला. "ताई, तुझ्या तोंडात साखर पडो! शेअर कुठल्या कुठे गेला. तुझ्या नावानेही थोडे घेऊन ठेवलेत, बरं का! आता पुढे काय कापतायत, कानावर आलं की आधी मला सांग."

"मी सोडलं ते काम," ताई म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले."

"अगं, काय केलंस हे?" भाऊ कळवळून म्हणाला. "आता आम्हाला आतलं कोण सांगणार?"

ताईंनी फोन ठेवला. मोरीत जाऊन चूळ भरली. मग पुन्हा भरली.