तिसरी फळी

मिल्टन कीन्सच्या कडेला, जिथे लॉऱ्यांची गोदामं संपतात आणि ओढा सुरू होतो, तिथे मी एक दलदल बांधली होती. हो, बांधली. दलदल बांधता येते, आणि नीट बांधली तर ती काम करते. ती नीटच बांधली होती, हे आधी सांगून टाकते.

लॉरीपार्कवर पाऊस पडला की सांडलेलं डिझेल, टायरचा चुरा, ब्रेकची काळी भुकटी, सगळं धुऊन रस्त्यातल्या जाळीत जातं. पुढे कुठेतरी ते पाणी शुद्ध होत असेल असं लोक धरून चालतात. नाही होत. ते पाइपातून थेट ओढ्यात जातं. माझी दलदल त्या पाइपाच्या आणि ओढ्याच्या मध्ये होती. आधी गाळ बसायला एक खोल खड्डा. मग लांबट, उथळ तळं आणि त्यात रीडची रोपं. रीड म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या बोरूचा भाऊ. पाणी त्यातून रेंगाळत जातं, घाण मुळांशी अडकते, तेल तिथले जंतू खातात. शेवटी एक काँक्रीटचा हौद, त्याला उभी खाच आणि खाचेत लाकडी फळ्या. एक फळी घातली की तळ्यात वीतभर पाणी राहतं. तीन घातल्या की गुडघ्याच्या वर.

पहिल्या वर्षी एकच फळी, असं मी ड्रॉइंगवर ठळक लिहिलं होतं. रोपं उंच झाली की दुसरी, आणि माणसाएवढी झाली की मगच तिसरी. तळ्यात पाण्याची खोली दाखवणारी पांढरी मोजपट्टीही हट्टाने उभी करून घेतली. आमच्या कंपनीचा मॅनेजर हसला होता. "ही काय थेम्स आहे का?"

मे महिन्यात रोपं लावली आणि पुढच्याच आठवड्यात उद्घाटन ठेवलं. गोदामं बांधणाऱ्या डेव्हलपरला फोटो हवे होते. मी माझा एकमेव सूट घालून गेले, तर तळं काठोकाठ भरलेलं. निळं आकाश पाण्यात, ढग पाण्यात, सगळं पाण्यात. रोप एक दिसेना. हौदाचं झाकण पाहुण्यांना दाखवायला उघडंच ठेवलं होतं. वाकून बघितलं. तीन फळ्या.

"तीन फळ्या घातल्यात," मी मॅनेजरच्या कानाशी जाऊन म्हणाले. "रोपं बुडाली आहेत."

"रिलॅक्स. फोटो होऊ देत. संध्याकाळी काढतील."

"आत्ता काढायला पाहिजेत."

"इथे पाहुणे आलेत," तो हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाला. "आपण इथे चिखलाचा फोटो काढायला आलेलो नाही."

मी गप्प बसले. माझं वर्क परमिट कंपनीच्या हातात होतं, वगैरे वगैरे. ती कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. रिबन कापली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

संध्याकाळी कुणी फळ्या काढल्या नाहीत. झाकणाला कुलूप लागलं, किल्ली कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार दुसऱ्या साइटवर. मी तीनदा ईमेल केली. तीनदा उत्तर आलं: नोंद घेतली आहे, धन्यवाद. महिन्याभराने फळ्या निघाल्या तेव्हा रोपं हाताला बुळबुळीत लागत होती. बोटांनी धरलं की देठ सुटून येत होता. पाण्याला कुजका वास. शरद ऋतूतल्या पहिल्या जोरदार पावसात डिझेलचा सप्तरंगी तवंग त्या उघड्या तळ्यावरून सरळ ओढ्यात उतरला. अडवायला तिथे काहीच जिवंत नव्हतं.

मग मॅनेजरने एक पान माझ्या टेबलावर आणून ठेवलं. त्यात लिहिलं होतं की रोपांची जात या जागेला योग्य नव्हती, असं डिझायनरच्या लक्षात आलं आहे. डिझायनर म्हणजे मी. खाली सहीसाठी रेघ. माझी सही झाली की डेव्हलपर रीडची दलदल उपसून टाकणार आणि तिथे कारंजं बसवणार होता. कारंजं! लॉऱ्यांच्या डिझेलचं कारंजं, आणि खालून सगळी घाण ओढ्यात.

आमच्या ऑफिसात अजून एक मराठी माणूस होता. मूळ पुण्याचा, वीस वर्षं इंग्लंडात मुरलेला. मी त्यांना दादा म्हणायचे. ते ड्रॉवरमध्ये चहाचा मसाला ठेवायचे आणि फक्त मला द्यायचे.

"साइन करून टाक गं," किटली लावत ते म्हणाले. "इट्स जस्ट अ फॉर्म ऑफ वर्ड्स."

"दादा, शब्द असे आहेत की रोपं चुकली. रोपं चुकली नाहीत. त्यांना बुडवलंय."

"अगं, सगळ्यांना माहितीये ते. इथे कायमचं राहायच्या परवान्याला, इंडेफिनिट लीव्हला, किती वर्षं राहिली तुझी?"

"दोन."

"मग दोन वर्षं तोंड बंद ठेव. मी वीस वर्षं ठेवलंय."

"दिसतंय."

त्यांना राग आला नाही. उलट हसले आणि माझ्या कपात जास्तीचा मसाला टाकला. त्याचाच मला जास्त राग आला.

रविवारी सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन लावला. आमचं गाव मावळात, भाताचं. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि इंजिनियर तर अख्ख्या आळीत पहिली. आईला रोपांचं आणि फळ्यांचं सांगितलं.

"आगं बाई," ती म्हणाली, "भाताची आवणी झाल्याबरुबर खाचर गळ्यापतुर भरतंय का कुनी? शेंडा बुडाला की चार दिसांत सडतंय. तुज्या सायबाला कुनी सांगितलं न्हाय?"

"मी सांगितलं होतं."

"आन् मग?"

"मग गप्प बसले."

"फळी लई जड हुती का?"

"म्हणजे?"

"न्हाय, तुला उचलंना का काय, म्हून इचारलं."

कार्ड संपायच्या आधीच मी फोन ठेवला. फळी जड नव्हती. झाकण उघडं होतं. दोन्ही हातांनी वर ओढली असती तर सूट भिजला असता, एवढंच. चार पाहुणे बघत राहिले असते. मॅनेजरवर चिडणं सोपं होतं आणि मी चिडलेही होते. पण त्या रविवारी मी जी चिडले, ती माझ्यावर.

सोमवारी ऑफिसात शिरताना रिसेप्शनवर डेव्हलपरच्या नव्या ब्रोशरचा गठ्ठा दिसला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर माझं तळं. निळं पाणी, ढग, आणि उजव्या कोपऱ्यात, कापायची राहून गेलेली, माझी पांढरी मोजपट्टी. आकडा स्वच्छ वाचता येत होता: साठ सेंटिमीटर. रोपं होती तीस सेंटिमीटरची. एवढ्या मोठ्या फोटोत हिरवा शेंडा एक नाही.

जागेवर बसून मी एक पान लिहिलं. रोपांची उंची, ड्रॉइंगवरची सूचना, तीन ईमेलच्या तारखा. शेवटी लिहिलं की उद्घाटनाच्या दिवशी तिसरी फळी मी डोळ्यांनी पाहिली आणि काढली नाही. खाली सही केली, ब्रोशर जोडलं आणि मॅनेजरला नेऊन दिलं.

त्याने पान वाचलं. मग ब्रोशरचं मुखपृष्ठ डोळ्यांजवळ धरलं. त्याचं बोट मोजपट्टीच्या आकड्यावर येऊन थांबलं.

"नुसती सही केली असतीस तर चाललं असतं," तो म्हणाला.

"केलीये ना. माझ्या कागदावर."

सॉरी कुणी म्हणालं नाही. ब्रोशरचा गठ्ठा रिसेप्शनवरून गायब झाला आणि कारंज्याचा विषयही कुणी काढेना. पुढच्या वसंतात पुन्हा रोपं लावायची ठरली, पण ते काम दुसऱ्या इंजिनियरला दिलं. मला एका सुपरमार्केटच्या कारपार्कमधली मॅनहोल मोजायला पाठवलं. नोकरी गेली नाही. दादांचा मसालाही चालू राहिला, फक्त ते आता देताना माझ्याकडे बघत नव्हते.

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी रेडवेच्या लाल सायकलवाटेवरून सायकल मारत मी तिथे गेले. काठावर चकचकीत पाटी: बगळ्याचं चित्र, डेव्हलपरचं नाव, निसर्गावरच्या प्रेमाबद्दल दोन ओळी. तेच रोप, तीच जात, जी म्हणे या जागेला योग्य नव्हती. हौदाच्या झाकणाला कुलूप होतं. मी सरळ पालथी झोपले आणि झाकणाच्या जाळीतून आत बघितलं. एक फळी. एकच. मोजपट्टीवर पाणी वीसला, आणि तळंभर हिरवे शेंडे वाऱ्यावर हलत होते.

कपड्यांचा चिखल न झटकता तिथूनच मोबाइलवर आईला फोन लावला. मिनिटाला किती पैसे पडतील याचा विचारही केला नाही.

"शेंडे वर आहेत, आई!"

"मग वरडतीस कशाला?"

"उद्घाटनाच्या दिवशीचं राहिलं होतं," मी म्हणाले.